लहान मुलांसह तंबूत मुक्काम आणि कच्च्या वाटेचा प्रवास : बेळगाव-खानापूर भागासाठी क्रमवार तयारी

दिवाळी उरकली, भात कापून घरात आलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच कुटुंबं तंबू गाडीत टाकून बाहेर पडतात. त्यातल्या अनेकांचा बेत एकाच जागी फसतो. आधी ठिकाण ठरतं, मग गाडी, मग सामान, आणि सगळ्यात शेवटी बाळाचा विचार होतो. मग गाडी अंधारात माळावर पोचते, तंबू उभा राहीपर्यंत पोर भुकेनं आणि झोपेनं रडून बेजार होतं, आणि आई-बाप रात्री अकराला सगळं गुंडाळून परत फिरतात. थकलेला ड्रायव्हर, मागे रडणारं मूल आणि समोर उसाच्या ट्रॉल्या. सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा तास तो असतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी मुलाच्या झोपेच्या आणि खाण्याच्या वेळा, त्यावरून अंतर, अंतरावरून जागा, जागेवरून रस्ता, आणि त्यानंतर गाडी व सामान. खालचे टप्पे याच क्रमानं दिले आहेत.

टप्पा १ : मूल केवढं, महिना कोणता

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कच्च्या रस्त्यावर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची मान अजून पुरती सावरलेली नसते आणि दणक्यांमागून दणके बसताना ते काही सांगूही शकत नाही. एवढ्या लहान बाळाला घेऊन मुक्काम करायचाच असेल तर डांबरी रस्त्याला लागून, पक्क्या खोलीची सोय असलेल्या ठिकाणी करा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, किंवा श्वासाचा वा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सहा महिने ते दीड वर्ष हे सर्वांत अवघड वय. मूल रांगतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. या वयात एका मुलामागे एक मोठं माणूस पूर्ण वेळ मोकळं हवं. ते माणूस स्वयंपाकही करणार नाही आणि तंबूही ठोकणार नाही. दोन ते पाच वर्षांची मुलं पळतात. त्यांच्या बाबतीत खरी काळजी पाण्याची, गाडीखाली येण्याची आणि विस्तवाची.

महिना : नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस अखंड कोसळतो, ओढे तासाभरात चढतात, जळवा असतात, आणि धबधब्यांवर प्रशासन बंदी घालतं. पाच वर्षांखालच्या मुलांना घेऊन पावसाळी तंबू नकोच. फेब्रुवारी सरत आला की गवत वाळतं, वणवे लागतात, गोचिडी वाढतात.

तपासा : सौंदत्ती किंवा नविलतीर्थकडे जायचं असेल तर आधी पंचांग पाहा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास यल्लम्माच्या यात्रेची गर्दी असते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो यांनी रस्ते भरून जातात आणि लहान मुलांना घेऊन त्यात अडकणं फार वाईट.

टप्पा २ : जागा

पहिल्या दोन-तीन मुक्कामांसाठी तीन मर्यादा घालून घ्या. घरापासून गाडीनं दीड ते दोन तास. कच्चा रस्ता फक्त शेवटचे तीन-चार किलोमीटर. आणि जिथे रात्रीही डॉक्टर असतो असा दवाखाना पाऊण तासाच्या आत. या तिन्हींत बसत नसेल ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडा. मूल सात-आठ वर्षांचं झालं की ती जागा तिथेच असणार आहे.

आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, नागरगाळीकडे लाल माती, जांभा आणि दाट झाडी. पूर्वेला गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी रानं, उघडा माळ आणि धरणांचे काठ.

पश्चिमेला जाताना आधी परवानगीचं बघा. भीमगड २०११ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. तिथे किंवा कुठल्याही राखीव जंगलात आपल्या मनानं तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते. हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि भात-ऊस तयार झाला की दांडेलीच्या बाजूनं हत्तीही येतात. त्यामुळे मुलांसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे गावाला लागून असलेलं ओळखीच्या माणसाचं शेत, जिथे घर हाकेच्या अंतरावर आहे आणि मालकाला तुम्ही आल्याचं ठाऊक आहे. रात्री मूल तापलं तर दार ठोठावता येतं, ही सोय कुठल्याही महागड्या तंबूपेक्षा मोठी.

जागा नक्की करण्याआधी घरातल्या एकानं दिवसाउजेडी जाऊन पाहून यावं, शक्यतो संध्याकाळी पाचच्या सुमाराला, म्हणजे डास, वारा आणि सावली कळते. हे टाळायचं :

- गवताची गंजी, भाताची उडवी किंवा पिंजराचा ढीग जवळ. तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.
- जांभ्याचे रचलेले दगड, पडका गडगा. विंचवांचं हक्काचं घर.
- पाण्याचा काठ. पळणाऱ्या मुलासाठी तंबू आणि पाणी यांत किमान शंभर मीटर अंतर हवं. असोगा, हब्बनहट्टी इथे मलप्रभेच्या खडकांवर शेवाळ असतं आणि पाण्यानं कोरलेले खड्डे वरून उथळ दिसतात. गोकाकचा कडा तर ५२ मीटरचा आहे. गोकाक आणि गोडचिनमलकी ही ठिकाणं दिवसा, मुलाचा हात धरून पाहायची. मुक्काम तिथून लांब.
- धरणाचा उघडा पडलेला गाळ. हिडकल, नविलतीर्थ इथे पाणी ओसरलं की काठ वाळून भेगाळतो. वरची चार बोटं कडक आणि खाली लोणी. गाडी नेली की एक्सलपर्यंत बसते.
- झाडाची वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ डोक्यावर. वर बघायला माणसं विसरतात.

तपासा : त्या जागेवर उभं राहून फोन लागतो का पाहा. कणकुंबीपासून चोर्ल्याकडे कित्येक ठिकाणी रेंज जाते. सर्वांत जवळ रेंज कुठे मिळते ते लिहून ठेवा, आणि गावात विचारा, ‘गेल्या आठवड्यात हत्ती, अस्वल कुणी बघितलं काय?’ गावकरी ‘नको’ म्हणाले तर वाद घालू नका.

टप्पा ३ : घरी एक रात्र सराव

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि म्हणूनच पहिली रात्र रडण्यात जाते. सहलीच्या आठ-दहा दिवस आधी तोच तंबू अंगणात किंवा गच्चीवर लावा, त्याच अंथरुणात, त्याच कपड्यांत मुलाला झोपवा आणि तुम्हीही झोपा. गच्चीवर लावलात तर कठड्याची उंची बघा आणि जिन्याचं दार बंद ठेवा.

या रात्री तीन गोष्टी कळतात. पहाटे चारला मुलाचं अंग गार पडतं की घामानं भिजतं. चेनचा आवाज आणि कापडाची फडफड त्याला चालते का. आणि अंधारात, एका हातानं, लंगोट कुठे, दूध कुठे, टॉर्च कुठे हे तुम्हाला सापडतं का. शेवटची गोष्ट जमेपर्यंत निघू नका.

टप्पा ४ : गाडी आणि चाइल्ड सीट

‘मांडीवर घट्ट धरते की’, हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ताशी चाळीसच्या वेगात करकचून ब्रेक लागला तर कुठल्याही आईच्या हातात तेवढी ताकद नसते. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या वयाची सीट असणं कायद्यानंही बंधनकारक आहे, नसल्यास १००० रुपये दंड. दंड जाऊ द्या, सीट घ्या. किमान सव्वा वर्षापर्यंत सीटचं तोंड मागच्या बाजूला हवं. अशी सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही, मागच्या बाकावरच लावायची.

क्रम असा :

१. सीट आयसोफिक्सला (गाडीच्या बाकातच बसवलेल्या कड्यांना) किंवा बेल्टनं पक्की करा. बुडाशी धरून डावी-उजवीकडे हलवा. एक इंचाहून जास्त हलली तर पुन्हा आवळा.

२. मुलाला बसवा. जाड स्वेटर, जॅकेट काढा. त्यावरून आवळलेला पट्टा धक्क्यात सैल पडतो. थंडी असेल तर पट्ट्यांवरून शाल पांघरा.

३. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. बोटं नुसती सरकली तर बरोबर.

४. आता सामान. पाण्याचे कॅन, सिलिंडर, कुकर हे खाली, बाकाच्या पाठीला टेकून आणि बांधून. डिकीत सुटा ठेवलेला वीस लिटरचा कॅन ब्रेकसरशी मुलाच्या डोक्यावर येतो. मागच्या काचेजवळ काहीही नको.

५. तंबू, ताडपत्री आणि चटई सर्वांत शेवटी भरा, म्हणजे पोचल्यावर ती आधी हाती येतात. दूध-खाऊची पिशवी पुढे.

डिकीत गादी टाकून मुलांना ‘मागे खेळू दे’ म्हणणं कच्च्या रस्त्यावर तर अजिबात नको. उघड्या जीपच्या मागच्या आडव्या बाकांवरही लहान मुलं नकोत. दुचाकीवरून न्यायचा विचार असेल तर नियम माहीत असू द्या : चार वर्षांखालच्या मुलाला सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट, वेग ताशी ४० कि.मी.च्या आत. रानातल्या वाटेवर मात्र तेवढ्यानेही भागत नाही, दुचाकी टाळा.

गाडीचं म्हणाल तर तंबूच्या मुक्कामासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह लागतेच असं नाही. वर सांगितलेल्या मर्यादेतल्या जागांना कोरड्या दिवसांत बोलेरोसारखी कुठलीही उंच गाडी चालते. स्टेपनीत हवा, जॅक, पाना, टो रोप, हवा भरायचा छोटा पंप आणि फावडं एवढं हवंच.

टप्पा ५ : सामान

याद्या सगळीकडे मिळतात, म्हणून इथे फक्त चुकतं तेवढंच.

पाणी : माणशी दिवसाला पाच लिटर पिण्या-स्वयंपाकाला, आणि बाळ असेल तर धुण्या-पुसण्याला आणखी दहा. विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी खळखळ उकळल्याशिवाय मुलाला देऊ नका. अंगावर पाजणाऱ्या आईसाठी वेगळी बाटली भरा. प्रवासात ती पाणी प्यायची राहून जाते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, उन्हातसुद्धा.

औषधांचा डबा : मुलाचं आजचं वजन आणि त्यानुसार तापाच्या औषधाचे किती मिली, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन झाकणाला आतून चिकटवा. ओआरएसच्या पुड्या घ्या आणि पुडीवर छापलेलं माप वाचा. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. अंदाजानं अर्धी पुडीही नको. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

कापूर : बाळाच्या दुपट्याला कापराची पुडी बांधायची आपल्याकडे रीत आहे. सर्दीसाठी, डासांसाठी. ती वडी बाळानं चघळली तर थोड्याच वेळात आकडी येऊ शकते. कापूर घरीच ठेवा, निलगिरी तेलही.

मुलाच्या हातापायातले वाळे, मनगट्या निघण्यापूर्वी काढून ठेवा. कारण पुढे येईल.

टप्पा ६ : निघायचा दिवस

उलटं मोजा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. तंबू चारच्या आत उभा हवा, म्हणजे जागेवर पोचायचं तीनला. म्हणजे कच्च्या रस्त्याला लागायचं अडीचच्या आधी. दुपारच्या झोपेची वेळ डांबरी रस्त्यावर येईल असं निघा. जेवून निघालं की मूल झोपतं आणि प्रवास शांत होतो. दर दीड तासानं थांबून बाळाला सीटमधून बाहेर काढा, पाठ मोकळी करू द्या. चालत्या गाडीत पाजू नका, भरवू नका.

नोव्हेंबर ते मार्च हा गाळप हंगाम. गोकाक, हुक्केरी, चिकोडी, अथणी भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. त्यामुळे अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, जातानाही आणि येतानाही.

इशारा : साडेचारपर्यंत जागेवर पोचत नाही असं दिसलं तर मुक्काम रद्द करा आणि वाटेतल्या गावात किंवा लॉजवर थांबा. ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून पुढे जाऊ नका.

निघताना घरी एकाला जागेचं लोकेशन, गावाचं नाव, शेतमालकाचा नंबर आणि परतीची वेळ लिहून द्या. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर काय करायचं, हेही ठरवून ठेवा.

टप्पा ७ : कच्चा रस्ता

डांबर संपलं की गाडी थांबवा. पाच मिनिटांचा हा थांबा पुढचं सगळं सोपं करतो.

१. सगळ्यांनी उतरावं, शू उरकावी, बाळाला पाजून ढेकर काढावी. पोट तुडुंब भरलेलं असेल तर वीस मिनिटं थांबा, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात उलटी होते.

२. पट्ट्यांची चिमटी-तपासणी पुन्हा. मुलाच्या हातातून बाटली, काडीचं चॉकलेट, कडक खेळणी काढून घ्या. हादऱ्यात ती तोंडावर लागतात.

३. काचा वर. बांबू आणि करवंदीच्या फांद्या आत येतात.

४. जांभ्याच्या दगडी वाटेवर चाकातली हवा पाच-सहा पीएसआयनं कमी केली तर दणके बरेच मऊ होतात. परत डांबरावर येताना भरायलाच हवी, म्हणून पंप.

५. पहिला-दुसरा गिअर, ताशी दहा ते पंधरा. मुलाची मान हे तुमचं स्पीडोमीटर. आरशातून किंवा मागे बसलेल्या माणसाकडून बघा. डोकं दोन्ही बाजूंना आपटतंय असं दिसलं तर आणखी हळू. अर्ध्या तासाहून जास्त वेळ सलग हे चालू नये.

ओढा आडवा आला तर आधी मोठ्या माणसानं काठी घेऊन चालत जाऊन पाहावं. चाकाच्या निम्म्याहून वर पाणी असेल, किंवा पाणी वाहतं आणि तळ दिसत नसेल, तर परत फिरा. मुलं गाडीत असताना ‘जमेल’ हा निर्णय घ्यायचा नसतो.

पूर्वेकडच्या काळ्या रानात नियम आणखी सोपा आहे. अवकाळीची एक सर पडली की गाडी जागची हलवू नका. काळी माती चाकाला चिकटत मडगार्डात गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. ऊन पडू द्या, अर्धा दिवस जाऊ द्या. ढग दिसले तर आधीच डांबरावर या.

गाडी रुतलीच तर क्रम लक्षात ठेवा, कारण मोठ्या दुर्घटना इथे होतात. इंजिन बंद. हँडब्रेक. मुलं खाली. एक मोठं माणूस त्यांना घेऊन उताराच्या वरच्या बाजूला, सावलीत आणि दोराच्या लांबीच्या दुपटीहून लांब उभं राहील, तेही दोराच्या रेषेत नव्हे तर बाजूला. त्यानंतरच फावडं हातात घ्या. दोर टो हुकालाच बांधा; बंपरला बांधला की बंपर तुटून दोरासकट उडतो. आपल्याकडे गाडी ओढताना सगळं गाव गोळा होतं आणि पोरं सगळ्यात पुढे असतात. त्यांनाही मागे घ्या.

टप्पा ८ : तळ मांडणं

एक माणूस मुलांचं, एक माणूस तंबूचं. ही वाटणी गाडीतच करा.

आधी चटई आणि खाऊ, सावलीत. मुलं बसली की तंबूची जागा हातानं चाचपून काटे, दगड, मुंग्यांची वारुळं पाहा. दगड पायानं उलथून मग उचला. ताडपत्री तंबूच्या बुडाहून थोडी लहान घडी घालून टाका. बाहेर राहिलेल्या कडेवर दव साचून रात्री अंथरूण भिजतं. तंबूच्या ताणदोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर पळताना मुलं अडकून पडतात. तंबूची चेन पहिल्या मिनिटापासून बंद, कुणी आत-बाहेर करो वा न करो.

गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा, किल्ली सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच जागी. एकदा लावलेली गाडी शक्यतो हलवू नका. हलवायचीच असेल तर प्रत्येक मुलाचा हात कुणाच्या तरी हातात असल्याचं बघून, आवाज देऊन, मग स्टार्टर. रिव्हर्स घेताना मागे बसून मातीत खेळणारं दोन वर्षांचं मूल आरशात दिसत नाही.

साडीची झोळी बांधणार असाल तर हिरवी, मनगटाहून जाड फांदी निवडा, आधी स्वतःचा भार टाकून पाहा, आणि झोळी जमिनीपासून हातभरच वर ठेवा. झोळीत मूल असताना कुणीतरी शेजारी जागं हवं.

मोठ्या मुलांना रंगीत दोरीनं हद्द आखून द्या आणि गळ्यात शिट्टी अडकवा. चुकलात तर जवळच्या झाडाला धरून उभं राहायचं आणि शिट्टी वाजवायची, चालायचं नाही, हे खेळातून दोन-तीनदा करून घ्या.

डायपर पुरू किंवा जाळू नका. पिशवीत बांधून परत आणा.

टप्पा ९ : चूल आणि खाणं

अंधाराआधी जेवण. मुलांसाठी मऊ भात, खिमटी, नाचणीचं सत्त्व असं घरी रोज खातात तेच. नवीन पदार्थ करून पाहायची ही जागा नव्हे. वाटेत घेतलेलं करदंट आणि भडंग मोठ्यांसाठी ठेवा. त्यातले शेंगदाणे, सुकामेव्याचे तुकडे चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनळीत अडकू शकतात. एक वर्षाच्या आत मध नको, शेतमालकानं कितीही प्रेमानं ताजं पोळं दिलं तरी.

पावडरचं दूध असेल तर थर्मासमधल्या चांगल्या गरम पाण्यात कालवा, मनगटावर थेंब टाकून कोमट झाल्याची खात्री करा, आणि उरलेलं दोन तासांनी ओतून द्या. घरून उकळून आणलेलं गाईचं दूध संध्याकाळपर्यंत टिकेल यावर विसंबू नका. टेट्रापॅक घ्या, फोडलं की लवकर संपवा.

शेगडी तंबूपासून किमान दहा पावलं, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. वाळलेल्या गवतात शेकोटी नको, आणि जंगलाच्या हद्दीत अजिबात नको. राख वरून विझलेली दिसली तरी आत निखारा असतो आणि सकाळी मूल त्यावर पाय देतं. झोपण्यापूर्वी पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता.

टप्पा १० : रात्र

डिसेंबर-जानेवारीत या भागात पहाटे पारा १२ ते १४ अंशांपर्यंत उतरतो. बाळाला मोठ्यांपेक्षा एक थर जास्त घाला, त्याहून नको. हातपाय गार लागतात म्हणून कपडे चढवत जाऊ नका. मानेमागे दोन बोटं घाला. तिथे कोमट आणि कोरडं असेल तर ठीक. घाम असेल तर एक थर काढा.

एक वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. हवा भरलेली गादी मोठ्यांना चालते, बाळाचं तोंड तिच्यात रुततं. गोधडी किंवा तुमच्या स्लीपिंग बॅगचा पदर त्याच्यावर येणार नाही असं वेगळं झोपवा. नाडीची कानटोपी झोपताना काढा.

इशारा : तंबूत शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, कंदील किंवा मच्छर कॉइल काहीही पेटतं ठेवू नका. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर नाही, आणि झोपलेला माणूस त्यातून जागा होत नाही. ‘बाळाला ऊब’ म्हणून आत घेतलेल्या शेगडीनं घरंच्या घरं गेलेली आहेत. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणंही याच कारणासाठी टाळा.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश एवढा बारीक की कळतही नाही. बंद चेनचा तंबू किंवा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा तिच्यावरचा साधा आणि खरा उपाय आहे. रात्री शूसाठी बाहेर पडताना टॉर्च पायांपुढे, मुलाला कडेवर घेऊन. चपला-बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे.

डासांचं मलम दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नका. मोठ्या मुलांना तुमच्या हातावर घेऊन मग लावा. त्यांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ नको.

काही झालंच तर

साप चावला : मुलाला चालू देऊ नका, उचलून घ्या. चावलेला हात किंवा पाय फळकुटानं, ओढणीनं आधार देऊन स्थिर ठेवा. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, साप मारण्यात वेळ घालवू नका. वाळा किंवा काळा दोरा अंगावर राहिला असेल तर लगेच कापा. सूज चढली की तो मांसात रुततो. मग सरळ मोठा दवाखाना : खानापूरकडून असाल तर खानापूरचं तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं बिम्स हे सरकारी रुग्णालय. जाण्याआधीच फोन करून सर्पदंशाची लस कुठे आहे ते विचारून ठेवा. रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. वेदना नसली, सूज नसली तरी जायचंच. मण्यारीच्या दंशात सुरुवातीला दोन्ही नसतात.

पूर्वेकडच्या गावांत कन्नड बोलावं लागतं. ‘मगुविगे हावु कच्चिदे’ म्हणजे मुलाला साप चावलाय, ‘आस्पत्रे एल्लिदे’ म्हणजे दवाखाना कुठे आहे. एवढं सगळ्यांनी पाठ करावं.

भाजलं : वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ नको.

मूल दिसेनासं झालं : सगळ्यात आधी पाण्याकडे धावा, मग बाकी शोध.

टप्पा ११ : सकाळ आणि परतल्यानंतर

उन्हं वर आली की सामान आवरण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे सगळे कपडे काढून अंग तपासा. गोचीड तिळाएवढी, कधी त्याहून लहान असते. कानामागे, केसांत, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे आणि करगोट्याच्या दोऱ्याखाली बोट फिरवून पाहा. नजरेला दिसत नाही ते बोटाला लागतं. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, सावकाश वर ओढा. रॉकेल, मीठ, पेटती काडी लावू नका. जागा साबणानं धुवा. घरी गेल्यावर पुन्हा एकदा, अंघोळीच्या वेळी. कपडे गरम पाण्यात.

याला एवढं महत्त्व देण्याचं कारण शेजारीच आहे. गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, आणि दोन्ही तालुके खानापूरच्या रानाला लागून आहेत. हा ताप गोचिडीतून येतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. आसपास मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, मुक्काम तिथेच संपवा आणि वनखात्याला कळवा.

परतल्यावर तीन आठवडे मुलाच्या तापाकडे लक्ष ठेवा. ताप आला तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, ‘अमुक तारखेला खानापूरकडे रानात राहिलो होतो.’ अंगावर कुठे काळपट खपली दिसली तर तीही दाखवा. स्क्रब टायफस या रानातल्या बारीक किड्यांच्या चाव्यानं येणाऱ्या तापाची ती खूण असते आणि मुलांच्या जांघेत, काखेत ती सहज नजरेतून सुटते.